जातो म्हणा

आप्पा, तुमच्या लाईनवर आता लोक पोट कमी करायला येतात. नदीकाठच्या कारखान्यापासून केडगाव स्टेशनापर्यंत ज्या रुळांवरून तुमची विजेच्या तारेवरची गाडी कागदाचे गठ्ठे घेऊन जायची, ते रूळ कधीच भंगारात गेले. खडी तेवढी राहिली. तिच्यावर लाल माती दाबून पंचायतीनं आता वॉकिंग ट्रॅक केलाय. जागोजागी बाक आहेत आणि प्रत्येक बाकाच्या पाठीवर देणगीदाराचं नाव कोरलंय, म्हणजे आपण कुणाच्या उपकारावर बसलोय ते माणसाला बसल्याबसल्या टोचत राहावं. सिमेंटचं एक हरीण आहे. त्याचं एक शिंग उद्घाटनाआधीच गेलं. पण खांब तुमचेच आहेत. तार गेली तरी ते आपले आडवे हात पुढं काढून तसेच उभे आहेत, काहीतरी मागत असल्यासारखे. आता त्या हातांना दिवे टांगलेत. आज दुपारी त्यातल्या एका खांबावर माणूस चढलेला होता, खाली दुसरा फोनवर बोलत होता, आणि फोन ठेवताना तो शब्द म्हणाला. आपल्या घरात बंदी असलेला. म्हणून हे लिहितेय. एरवी जिवंत माणसांना टोचून बोलण्यातच माझा आठवडा संपतो, गेलेल्यांना लिहायला मला कुठली फुरसत?

मला बोलावलं होतं दिव्यांच्या उद्घाटनाला. सरपंचबाईंच्या नवऱ्याचा फोन आला. निवडून बायको आलीय, पण बोलायला हे येतात. म्हणाले, "ताई, तुमचे वडील म्हंजी आपल्या लाईनीचं भूषण. तुम्ही पेपरात लिवता, नाव हाय तुमचं. दोन शब्द चांगलं बोलायचं बघा." मी म्हटलं, चांगले मला दोनच येतात, पुरतील का? ते हसले, मग जरा थांबून म्हणाले, "आन् ते कॉलमात आमचं काय घेऊ नका." मी वचन दिलं नाही. वचनांबद्दल माझं मत तुम्हाला ठाऊक आहे. मंत्र्यांनी दिलेली आणि न पाळलेली वचनं जपून ठेवण्यावर माझं घर चालतं.

सकाळी शिरूरहून निघाले. न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडला आणि कारखान्याच्या फाटकाशी गाडी सोडून दिली. म्हटलं, सगळी लाईन चालत जायची. फाटकातून आता पिंपळ उगवलाय. तिथून पहिला टप्पा ट्रॅक नाहीच, पैसे केडगावच्या बाजूनं खर्च होत आले आणि मध्येच संपले. त्यामुळं वाट हुडकावी लागली. खांबावरून खांब धरत गेले. एका ठिकाणी लाईन उसात शिरते आणि दिसेनाशी होते. पाचटातून वाट काढताना पायाला अचानक खडी लागते, तेव्हा कळतं की आपण बरोबर आहोत. कालव्यावर नवा पादचारी पूल बांधलाय, कमानीवर दोन मोर आहेत. पण तुमची गाडी जायची ती त्याच्या शेजारून, दगडी पायांवरून. ते पाय अजून पाण्यात उभे आहेत. मी त्या पुलावर थांबले आणि कान दिले. गाडी लांब असतानाच तार गुणगुणायला लागायची, आठवतं? आम्ही पोरं म्हणायचो, शेंडी आली. गाडीच्या टपावरची ती दांडी तारेला घासत यायची, तिला शेंडी म्हणायचे. केडगावची म्हातारी माणसं आजही त्या गाडीचा विषय काढला की आधी हात डोक्यावर नेऊन शेंडी धरल्यासारखं करतात आणि मग बोलतात.

कालव्यापलीकडं तुमची केबिन. तिला तीन रंग दिलेत आणि वर 'कंट्रोल रूम' लिहिलंय, कारण दिव्यांचं बटण आता तिथंच आहे. खिडकी तीच. मी डबा घेऊन यायची तेव्हा तुम्ही मला जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडं थांबवायचा. पट्ट्यापलीकडं ते हँडल होतं, माझ्या हाताएवढं लांब. खाली ओढलं की लाईन बंद, वर ढकललं की चालू. भिंतीवर फोन. लाईनवर कुठंही काम निघालं की खांबावरच्या फोनवरून तुम्हाला सांगायचं, तुम्ही हँडल ओढायचं, आणि वरचा माणूस उतरल्याचं कळल्यावरच परत ढकलायचं. एवढंच काम. तुम्ही जेवताना त्या फोनकडं तोंड करून बसायचात. आई म्हणायची, "माझ्याकडं कवा एवढं बघितलं न्हाई."

आणि मग तो दिवस. मी नको म्हटलं तरी आज दुपारी तो येऊन बसलाच, तेव्हा लिहूनच टाकते. कालव्याच्या वळणावर तार ओघळली होती. दुरुस्तीला मामा चढले. मामा म्हणजे रक्ताचे नाहीत, तुमचे जोडीदार. आईनं भाऊ मानलेला, भाऊबीजेला आधी आमच्याकडं ओवाळून घेऊन मग स्वतःच्या बहिणीकडं जायचा तो माणूस. खाली भांडगावचा मदतनीस होता. मामा वर असताना तो फोनवर तुमच्याशी बोलला, आवळायचं तेवढं राहिलंय की झालंय असं काहीतरी, आवाज खरखरत होता. त्याला जेवायला जायचं होतं. आपल्याकडं निघणारा माणूस जातो म्हणत नाही, अशुभ असतं ते. त्यानं शेवटी आपला रीतसर निरोप घेतला: "बरं आप्पा, येतो." तो एकटाच निघाला होता. तुम्ही ऐकलंत की काम उरकून दोघं येताहेत. तुम्ही हँडल वर ढकललं.

चौकशी झाली. तुमची चूक निघाली नाही, त्याचीही निघाली नाही. येतो म्हणणं हा गुन्हा कुठल्या नियमात बसणार? साहेबांनी पत्रक काढलं, पुढं लाईन बंदच पडली, सगळं रीतीप्रमाणं झालं. तुम्ही मात्र घरी आलात, दारातच बसलात आणि संध्याकाळी आईला म्हणालात, "ह्या घरात हितून पुढं जानाऱ्यानं जातो म्हनायचं. येनाऱ्यानं येतो. दोन शब्द हायेत, एकावर काम भागवायचं न्हाई."

आईनं आधी दुःख समजून सोडून दिलं. पण तो नियम दुःखाहून जास्त टिकला. कोणीही उंबऱ्याबाहेर पाय टाकताना येतो म्हणालं की तुम्ही आतून विचारायचात, "काय म्हनालास?" पाहुणा असो, दूधवाला असो. माणूस परत उंबऱ्यात येऊन, खाली मान घालून, जातो म्हणून निघायचा. शेजारणी आमच्याकडं हळदीकुंकवाला यायच्या कमी झाल्या. मी बारावीच्या परीक्षेला निघाले तेव्हा आई तुमच्यावर ओरडली होती, "अवो, पेपरला निघालीय ती! जाते काय म्हनायला लावताय पोरीला?" मी जाते म्हणाले. मग चुलीपुढं बसलेल्या आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि तव्याकडं बघत, तुम्हाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली, "ये." त्यानंतर मी प्रत्येक वेळी निघताना पाहिलं. तुम्ही म्हणायला लावलेल्या प्रत्येक जातो-मागून, चुलीकडनं, एक ये निघायचा. पन्नाशी आली तरी मला भाकरी भाजल्याचा वास आला की कोणीतरी परत बोलावतंय असं वाटतं.

आणि माझं लग्न. सगळा मांडव रडतोय, मी गाडीत बसायच्या बेतात, रडत रडत म्हणाले, येते आप्पा. तुम्ही गाडीचं दार धरलंत. "काय म्हनालीस?" माझ्या सासूबाई पुढं झाल्या: "अगं बाई, असं कुठं असतंय व्हय? शुभ बोला की, आप्पासाहेब!" तुम्ही त्यांना हात जोडलेत, आवाज न चढवता म्हणालात, "आमच्यात असतंय." आणि मी जाते म्हणाले, सगळ्या वऱ्हाडासमोर. दार लावायच्या आधी तुम्ही माझ्या मुठीत काहीतरी कोंबलंत. मला वाटलं अंगठी. टेस्टर होता, तुमच्या खिशातला, पिवळ्या मुठीचा. बाकीच्या बाप लोकांना मुलींना सोनं द्यावंसं वाटतं. मी पुढं या सगळ्यावर एक लेख लिहिला, फार गाजला, लोकांनी कापून ठेवला. तुम्ही तो सावकाश वाचलात, घडी घालून परत दिलात आणि म्हणालात, "हसवलंस चांगलं. जाताना काय म्हनशील?"

तर आज. केबिन मागं टाकून मी वळणापर्यंत आले. आता त्या वळणावर सेल्फी पॉइंट आहे. गावाच्या नावापुढं लाल बदाम. त्याच्याच शेजारच्या खांबावर एक उत्तरेकडचा माणूस कमरेला पट्टा बांधून दिव्याची जोडणी करत होता. खाली कंत्राटदाराचा माणूस, मिशीवाला, चांगला तिशीचा, मोटारसायकलवर एक पाय टाकून मोबाईलवर बोलत होता. मी बरीच लांब होते. तरी ऐकू आलं, कारण आपल्याकडं मोबाईलवर बोलताना माणूस मधलं अंतर आवाजानं भरून काढतो. "व्हय व्हय, आवळलंय समदं. एवढा खांब हाय तेवढा. बरं, येतो मी." आणि किक मारली.

आप्पा, माझ्या अंगात काय झालं ते मला नीट लिहिता येत नाही, आणि मी लिहिण्याचेच पैसे घेते. मी ओरडले, "ओ! थांबा! काय म्हणालात?" शब्दसुद्धा तुमचाच निघाला तोंडून. गाडीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. मी इस्त्रीच्या साडीत पळाले. आडवी गेले तेव्हा त्यानं ब्रेक दाबला. "काय झालं म्याडम? सेल्फी काढायचाय का?"

"कुणाला फोन केलात?"

"केबिनीत, आप्रेटरला. का वो?"

"परत लावा. वरचा माणूस वरच आहे म्हणून सांगा. आत्ता!"

"तेला म्हाईत हाय की."

"तुम्ही त्याला येतो म्हणालात!"

"मग काय म्हनू? येतोच की, च्या घेऊन." पण माझ्या तोंडाकडं बघून त्यानं फोन लावला. कानाला धरला, खाली घेतला. "बिझी हाय. सरपंचबाईचे मालक असतील, सकाळपासनं डोकं खातायत, पावनं यायच्या आधी दिवं लावून बघा म्हनून."

मी वर पाहिलं. खांबावरच्याचे दोन्ही हात जोडणीत होते. "भैया, हाथ हटाओ! हाथ!" तो खाली बघून हसला. "बस दो मिनट, दीदी." पुढाऱ्यांच्या मागून फिरणाऱ्या बायका त्यानं पुष्कळ पाहिल्या असतील. मोटारसायकलवाला परत फोन लावत होता आणि फोनमधली बाई तिच्या गोड आवाजात पुन्हापुन्हा तेच सांगत होती. मी पर्समध्ये हात घातला. तुमचा टेस्टर हाताला लागला. तो फेकवेना. मग मी पायातली चप्पल काढली आणि आयुष्यात कुठल्या मंत्र्यावर फेकली नसेल अशी नेम धरून फेकली. ती त्याच्या खांद्याला लागली. तो "अरे!" म्हणून दचकला, दोन्ही हात वर करून तोंड झाकलं, पट्ट्यावर मागं रेलला.

आणि दिवे लागले. भर दुपारी, कालव्यापासून स्टेशनाच्या बाजूला, एकामागून एक, तुमच्या सगळ्या खांबांवर. त्याच्यासमोरच्या उघड्या जोडणीत एक निळी ठिणगी चटकन उडाली आणि गेली. तो तसाच, हात हवेत धरून, बघत राहिला. मोटारसायकलवाल्याचा फोन तेवढ्यात लागला, आणि आतून आनंदी आवाज आला, "लागलं का रं समदं?"

पुढचा गोंधळ तुम्हाला सांगायला नको. दिवे बंद झाले, ऑपरेटर पळत आला, गोरामोरा होऊन म्हणाला, "मला वाटलं, उरकून दोघं येतायत." नेमकं तेच वाक्य. मला बोलता येत असलेल्या सगळ्या वाकड्या गोष्टींपैकी एकही आठवेना, कारण तो तुमच्यासारखा उभा होता, हात पुसत, ज्यांना काही लागलेलं नाही ते हात. सरपंचबाईंचे मालक गाडीतून उतरत म्हणाले, "ताई, देवाची कृपा. झालं ते झालं. कॉलमात नको." वरचा माणूस उतरला. माझी चप्पल त्यानं दोन्ही हातांनी धरून आणली होती. "दीदी, उसने क्या बोला था?" मी सांगितलं, येतो म्हणाला, आणि चालला होता. त्यानं चप्पल माझ्या पायाशी ठेवली. मग म्हणाला, "हम भी घर से आते हैं बोल के ही निकले थे. जाते हैं कैसे बोलें?"

मिशीवाला चहा आणायला निघाला तेव्हा गाडी चालू करून माझ्याकडं बघितलं आणि शाळेतल्यासारखा म्हणाला, "जातो, म्याडम." ट्रॅक झाडणारी एक म्हातारी बाई होती बाजूला. तिनं खराटा उगारला. "जातो काय म्हनतो रं मुडद्या, येतो म्हन!" तो बिचारा एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिला. तुम्ही असता तर काय सांगितलं असतंत?

संध्याकाळी उद्घाटनात माझी बोलायची पाळी आली. दोन शब्द बोला म्हणाले होते, दोनच बोलले. "जातो म्हणा." टाळ्या पडल्या. कुणाला काही कळलं नाही. शाल चांगली होती.

आता घरी येऊन बसलेय आणि मुद्द्याचं राहिलंय. तुमचा नियम बरोबर होता. हे मी छापूनही द्यायला तयार आहे. एक शब्द सरळ असता तर मामा राहिले असते, आणि आज तोच शब्द मी धरला म्हणून एका आईचा पोरगा खाली उतरला. इथंवर तुमचा विजय. पण तुम्हाला पुण्याच्या दवाखान्यात शस्त्रक्रियेला आत नेत होते तो दिवसही आहे ना. आई तेव्हा नव्हती. मी ढकलगाडीबरोबर चालत होते. दाराशी मला थांबवलं, जमिनीवर तिथंही एक पट्टा होता. तुम्ही मान वळवलीत. इतकी वर्षं पाहुण्यांना, दूधवाल्याला, नवरीला उंबऱ्यावर अडवणारे तुम्ही, माझ्याकडं बघून म्हणालात, "येतो गं."

माझ्या जिभेवर होतं, आप्पा. काय म्हणालात? जातो म्हणा. मला त्याचीच तर शिकवण होती. त्या एका शब्दासाठी आज मी अनोळखी माणसाच्या गाडीला आडवी गेले. तुम्हाला तेव्हा अडवलं नाही. दार मिटलं, आणि मी हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं, म्हणाले, "या."

लोकांची न पाळलेली वचनं मी जपून ठेवते म्हटलं ना; तुम्ही त्या दारातून परत आला नाहीत, तरी तुमचं हे एक त्यात कधी घातलं नाही. ही चिठ्ठीही कुठं टाकायची नाहीये. एवढंच कबूल करते: तुम्ही चुकीचा शब्द वापरलात ते मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि मला फार बरं वाटलं होतं. पुन्हा वेळ आली तरी मी तुम्हाला दुरुस्त करणार नाही.